इंजिनांच्या रंगांची वही

आमच्या घरातली भांडी इंजिनं ओळखायची. मोठं डिझेल आलं की मांडणीवरची पितळी ताटं आधी थरथरायला लागत, मग फळीवरचे पेले, आणि इंजिन अगदी आमच्या मागच्या रुळावर येऊन उभं राहिलं की पाण्याच्या पिंपावरचं झाकण एका लयीत टकटक करत बसे. यार्डातलं छोटं शंटिंगचं इंजिन असेल तर फक्त पेले वाजत. चेंबूरच्या त्या रेल्वे क्वार्टरमध्ये स्वयंपाकघराच्या खिडकीपासून दहा पावलांवर यार्डाची भिंत होती, आणि भिंतीपलीकडून तेलाच्या टाक्या नि खताची पोती घेऊन मालगाड्या ट्रॉम्बेच्या बाजूला जा-ये करत. त्या रुळांवर विजेच्या तारा नव्हत्या, म्हणून तिथे सगळा कारभार डिझेलचा. आई भाकरी थापत असायची, ताटं थरथरली की हात न थांबवता म्हणायची, “इलो बघ तुझो पावणो.” मी तोंडातला घास तसाच घेऊन भिंतीवर चढायचो. तिखल्यातला बांगडा ताटात पडून राहायचा आणि धाकटी बहीण नंदा तो बिनदिक्कत पळवायची. किती बांगडे त्या इंजिनांपायी गेले, देवाला ठाऊक.

डिझेल इंजिनात एवढं काय ठेवलंय, असं मला आयुष्यभर लोकांनी विचारलंय, त्यात माझी बायको पहिली. वाफेच्या इंजिनाचं कौतुक सगळ्यांना. डिझेल म्हणजे काय, तर लांबलचक खोका आणि काळा धूर. पण तो खोका उभ्या उभ्या धडधडायचा ना, ती धडधड पायांच्या तळव्यांतून वर पोटात शिरायची. आणि वर त्याची ती रंगरंगोटी! त्या काळात जवळजवळ प्रत्येक शेडची, म्हणजे दुरुस्तीच्या ठाण्याची, इंजिनं आपापल्या थाटाची असायची. घाटावरून आलेलं निराळं, गुजरातेतून भटकत आलेलं निराळं. कुणाच्या पोटावर सरळ पिवळा पट्टा, कुणाचा पट्टा तोंडाशी येऊन दोन्ही बाजूंनी खाली वळलेला, मिशीसारखा. कुणाला पट्टाच नाही, नुसतं कपाळावर शेडचं नाव. शेडमधला रंगारी हौशी असला तर नंबराच्या आकड्यांना सावलीसुद्धा काढलेली. मिशीवाला, कमरपट्टेवाला, बोडका, अशी माझी आपली नावं होती, आणि सिग्नलपाशी इंजिनाचं नाक दिसलं की मी शेड सांगायचो. हल्ली काही पोरं मला मोबाइलवर जुन्या इंजिनांचे फोटो पाठवतात आणि विचारतात, “काका, ही कलर स्कीम कुठली?” मी शेड सांगतो, पट्टा किती रुंद होता तेही सांगतो. मग उलट विचारतो, “बाबा रे, अंगाचा रंग कोणता आहे तेवढं सांग.” त्यांना वाटतं म्हातारा फिरकी घेतोय.

बाबा त्याच यार्डात शंटिंगला होते. म्हणजे डबे जोडायचे आणि सोडवायचे. इंजिन मागे मागे येत डब्याला भिडायचं, बाबा बाजूला उभे राहून झेंड्याने ड्रायव्हरला खूण करायचे. हिरवा हलला तर ये, लाल दिसला की जागच्या जागी थांब. ते थांबलं की बाबा वाकून दोन बफरांच्या, म्हणजे धक्का झेलणाऱ्या लोखंडी तबकड्यांच्या, मधे शिरायचे, जाडजूड साखळी आकड्यात अडकवायचे, पिळायचे आणि बाहेर यायचे. तेवढा वेळ त्यांचा जीव वर बसलेल्या माणसाच्या हातात. वर बहुतेक वेळा राणेकाका असायचे, बाबांचे दोस्त आणि आमच्याच मालवणकडचे. बाबांच्या डाव्या हाताचं मधलं बोट अर्धंच होतं. ते कसं गेलं, कुणाच्या चुकीने गेलं, हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. पण जेवताना कधी तंद्री लागली की त्याच हाताकडे बघत म्हणायचे, “मी जलमभर खाली उभो रवलंय. झील माझो वर बसतलो.” आई लगेच म्हणायची, “बसतलो, बसतलो. आधी त्येका जेवक द्या.”

हे नुसतं हौसेचं बोलणं नव्हतं. बाबांच्या नोकरीची दोन वर्षं उरली होती. ते रिटायर झाले की क्वार्टर खाली करायचं, आणि मुंबईत दुसरीकडे जायला आमचं काही नव्हतं. मुलगा रेल्वेत लागला तर तेच घर त्याच्या नावावर ठेवता येण्याची वाट होती, आमच्या लाइनीतल्या दोघातिघांनी ते केलंही होतं. त्यामुळे मी ड्रायव्हरचा असिस्टंट व्हायचं, हे मी विचार करण्याच्या आधीच ठरलेलं होतं. माझी काही तक्रार नव्हती. मला तर ते जेवणावर श्रीखंड वाढल्यासारखं होतं.

आता त्या वहीबद्दल सांगायला हवं. माझ्याकडे एक दोनशे पानी, आडवी उघडणारी वही होती, आणि दर पानावर एक इंजिन. बाजूने दिसतं तसं, पट्टीने आखून, पट्ट्याची रुंदी मागच्या डब्याच्या दाराशी ताडून. खाली नंबर, शेड, कुठल्या गाडीला होतं ते. रंगायला घाटकोपरच्या मामाने दिलेली तेली खडूंची पेटी. त्या खडूंना कागदाचं वेष्टण असायचं आणि त्यावर रंगाचं नाव छापलेलं. मी भिंतीवरून उतरलो की बाबांना नाहीतर आईला विचारायचो, “आजचं कसलं होतं गं?” आई सांगायची, “रातांब्यासारखा लाल,” किंवा “शेवाळी.” मग मी नावं वाचून खडू उचलायचो. हे मी का करत होतो? मला वाटायचं सगळेच असं करतात. नाहीतर कंपनी खडूवर नावं छापेल कशाला? पिवळा मला दिसायचा, निळा दिसायचा, पांढऱ्याचा तर प्रश्नच नाही. बाकीचे गडद रंग म्हणजे माझ्या लेखी एकाच कुटुंबातली माणसं होती, चेहरे सारखे, नावं वेगळी.

एकदा नंदाने भावलीला परकर करायला सगळ्या खडूंची वेष्टणं सोलून काढली. मी तिला एक ठेवून दिली, ती आईकडे रडत गेली, आईने मला एक ठेवून दिली. त्यानंतर महिनाभर मी अंदाजाने रंगवत राहिलो. नंदा वही बघून खिदळायची. “दादा, ह्या इंजिनावर शेवाळ धरलंय काय रे?” मी म्हणायचो, “तुला कळत नाही त्यात बोलू नको.” मला खरंच वाटलं की ती मार खाल्ल्याचा सूड घेतेय. आज ती वही माझ्यासमोर आहे. नंदाने मागे कधीतरी प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने खरा रंग लिहून ठेवलाय, आणि तिचा मला फार राग येतो, आणि फार मायाही येते.

लेखी परीक्षेत मी पास झालो. मेडिकलचं पत्र दसऱ्यानंतरच्या तारखेचं आलं. त्या संध्याकाळी राणेकाका पेढ्यांऐवजी एक पातळ पुस्तक घेऊन आले. “सुध्या, हे बघून ठेव. मेडिकलला हेच दाखवतात. एकदा नजरेखालून गेलं की तिथे टेन्शन येत नाही.” पुस्तकात दर पानावर ठिपक्यांचा एक गोळा. पहिल्या पानावर मला बारा दिसले. पुढच्या पानांवर काहीच नाही, नुसते ठिपके, सांडलेल्या मोहरीसारखे. राणेकाका मात्र धडाधड बोलत होते, “हा आठ, हा सहा, हा एकोणतीस.” मी मनात म्हटलं, काय पाठांतर आहे माणसाचं! आणि मी वहीच्या शेवटच्या पानावर पान नंबर आणि त्यापुढे आकडा असं उतरवून घेतलं. मला प्रामाणिकपणे वाटलं की ही पाठांतराचीच परीक्षा आहे. आंधळ्या ठिपक्यांकडे बघायचं आणि न चुकता आकडा म्हणायचा, ड्रायव्हरची स्मरणशक्ती बघत असतील. दोनशे इंजिनांचे नंबर मला तोंडपाठ होते, तिथे ह्या पंचवीस-तीस पानांची काय कथा? दोन दिवसांत मी ते पुस्तक उलटसुलट म्हणून दाखवू लागलो. आई पोळ्या लाटता लाटता पान नंबर सांगायची, मी आकडा सांगायचो. तीही पुस्तक हातात न घेता, वहीत बघून.

मग आली खंडेनवमी. यार्डातल्या शंटिंग इंजिनाची त्या दिवशी दरवर्षी पूजा असायची. सकाळपासून पाइपने पाणी मारून इंजिन धुतलं, दिव्यांच्या काचा पुसल्या, झेंडूची तोरणं आली. समोरच्या तोंडावर, बफरांच्या वर, रंगाचे पोपडे निघाले होते. राणेकाकांनी कुठून तरी दोन अर्धे डबे पैदा केले. एकात इंजिनाचा गडद लाल, दुसऱ्यात सिग्नल केबिनच्या दारांना लावून उरलेला हिरवा. दोन्ही डब्यांवरून ओघळ येऊन ते सगळीकडून बरबटलेले. “सुध्याकडे द्या रे ब्रश. रंगांचा मास्तर आहे तो,” असं म्हणून राणेकाका आणि बाकीची मंडळी आंघोळ करून धुतलेले कपडे घालायला गेली. मी दोन्ही डब्यांची झाकणं उघडली. आत बघितलं. इंजिनाकडे बघितलं. पुन्हा आत बघितलं. त्या क्षणी मला कुणाला तरी विचारायला हवं होतं, पण रंगांच्या मास्तराने विचारायचं कुणाला? मी जवळचा डबा उचलला. ओला रंग थोडा वेगळा दिसणारच, वाळला की मिसळेल, असं मनाशी म्हटलं, आणि एवढ्या निगुतीने काम केलं की विचारू नका. कडा सरळ, ओघळ नाही, पिवळ्या पट्ट्याला केसभर धक्का नाही. तीन मोठी ठिगळं मी अगदी जीव ओतून रंगवली.

मंडळी परत आली आणि गप्प उभी राहिली. मला वाटलं, काम बघून थक्क झालेत. मग कुणीतरी म्हणालं, “आयला, इंजिनाला पिंपळ फुटला काय रे?” आणि सगळे हसत सुटले. राणेकाका डोळ्यांतलं पाणी पुसत म्हणाले, “यार सुध्या, मस्करी करायची तर आजच्या दिवशी? पूजा आहे ना!” मी हातात ब्रश धरून विचारलं, “काय झालं? कडा वाकड्या आल्या काय?” त्यावर अजून हशा. फक्त बाबा हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते, मग डब्याकडे, मग परत माझ्याकडे. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, ओला रंग पुसला आणि दुसऱ्या डब्यातून स्वतः रंग लावला. हाताला हिरवं लागलेलं तसंच ठेवून पूजेला उभे राहिले. आज चाळीस वर्षांनी हे लिहितानासुद्धा माझे कान तापलेत.

घरी आल्यावर नंदाने वही आणून बाबांसमोर ठेवली आणि वेष्टणं नसतानाची पानं उघडली. एवढीशी पोर, पण तिला कळलं होतं. आई खाली बसली ती बसलीच. तिच्या वडिलांना, म्हणजे माझ्या आजोबांना, झाडावर पिकलेले रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, दिसायचे नाहीत. हिरव्या पानांत लालबुंद फळं लगडलेली असायची आणि आजोबा झाडाखाली उभे राहून विचारायचे, “पिकले काय गो?” सगळं गाव हसायचं, आईसुद्धा हसायची. “माझ्याच घरातला ह्या,” ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावला. मी चिडून ओरडलो, “कुणाच्या घरातलं काही नाही. मला नीट दिसतं!” आणि भिंतीवर जाऊन बसलो. त्या दिवशी मोठं इंजिन आलं होतं, मिशीवालं. मी त्याच्याकडे बघत राहिलो आणि आयुष्यात पहिल्यांदा मला कळलं की त्याचा रंग मला ठाऊक नाही.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा म्हणाले, “चल माझ्यावांगडा.” यार्डात छोटं इंजिन नुसतंच उभं होतं, राणेकाका अजून यायचे होते. बाबांनी मला वर चढायला सांगितलं. “राण्याच्या सीटार बस.” एवढी वर्षं मी त्या सीटवर बसायची स्वप्नं बघितली होती, आणि बसलो तेव्हा मी कशालाही हात लावला नाही. बाबा चालत चालत लांबच्या डब्यापाशी गेले, बफराला टेकून उभे राहिले. हात पाठीमागे. चेंबूरची ती सकाळची धुरकट हवा, त्यात त्यांचे धुऊन धुऊन विटलेले झेंडे. ते ओरडले, “मी हलवूचंय नाय हां. नुसतो धरतलंय. सांग, खयचो?”

त्यांनी हात पुढे केला. मी ओरडलो, “हिरवा!” हात पाठीमागे गेला, पुन्हा पुढे आला. “लाल!” पुन्हा पाठीमागे, पुन्हा पुढे. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघून अंदाज घ्यायचा प्रयत्न करत होतो, पण एवढ्या लांबून चेहरा दिसत नव्हता. लाल, हिरवा, हिरवा, लाल. कधी मी पटकन सांगितलं, कधी उगाच वेळ काढला. डझनभर वेळा झालं असेल. मग बाबा चालत परत आले आणि खाली उभे राहून वर माझ्याकडे बघू लागले.

“किती बरोबर आले?” मी विचारलं.

“मी एकच झेंडो धरलेलंय. सगळ्या टायमाक लाल.” मग झेंडा गुंडाळत म्हणाले, “सा-सात येळा तू माझ्या अंगार इंजिन घातलंस.”

एवढ्यात राणेकाका आले. त्यांना काय चाललंय ते लगेच कळलं, आणि ते मला सावरायलाच बोलले, त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही किल्मिष नाही. “अरे, सिग्नल जागेवरून ओळखायचा असतो. वरचा कुठला, खालचा कुठला, पाठ असलं की बास. आणि झेंडा काय, हलतो ना? हलण्यावरून कळतं. मी कुठे रंग बघत बसतो?” बाबा त्यांना म्हणाले, “राण्या, घाबरलेला माणूस झेंडा हलवत नाही रे. नुसता धरून उभा राहतो.” आणि अर्ध्या बोटाचा हात त्यांनी खिशात घातला. राणेकाका फडकं घेऊन दिव्याच्या काचा पुसायला लागले.

घरी परतताना बाबांनी मला विचारलं, “ता पुस्तक पाठ झाला तुझा?” मी हो म्हटलं. “सगळा?” सगळं. “म्हंजे पास होशीत.” होईन. आम्ही भिंतीच्या कडेकडेने चालत होतो. माझ्या मनात होतं की बाबांनी एकदाचं नको म्हणावं. म्हणजे मला भांडता आलं असतं, घराचं काय, आईचं काय, तुमच्या स्वप्नाचं काय, असं सगळं त्यांच्या अंगावर टाकता आलं असतं. पण ते म्हणाले, “जा तर मग. क्वार्टर रवतला. तुझी आवस खूश होतली. फक्त माझ्या यार्डात येव नको.”

ह्या वाक्याचा मला कित्येक वर्षं राग होता. बापाने मुलाला असं सांगायचं असतं? सरळ कान धरून घरी बसवायचं. पण मी स्वतः बाप झालो तेव्हा मला कळलं की त्या माणसाला नको म्हणणं जमत नव्हतं. सगळ्या जन्माची हौस होती ती त्यांची. जेवढं जमलं तेवढं त्यांनी सांगितलं.

आईचं उलट होतं. तिने मेडिकलच्या दिवशी पहाटे उठून घावणे केले, गूळ-नारळाचा रस केला, देवाला गाऱ्हाणं घातलं. “डोळे तुझे चांगले आसत. नंबर सांगायचे नि येवचा. दुनिया असाच करता.” मी आईवर हसू शकत नाही. आपलं घर जाणार हे दिसत असताना दुसरं काय म्हणायचं तिने? मी घावणे खाल्ले, तिच्या पाया पडलो आणि पास व्हायचं ठरवूनच निघालो. बसमध्ये बसून मी हिशोब केला होता. मी लांबच्या गाड्या मागून घेईन, जिथे सिग्नल जागेवर असतात. शंटिंग टाळीन. बाबांच्या यार्डात येणार नाही. दोन वर्षांनी तर तेही रिटायर होणार. माझं डोकं असं भरभर चालत होतं, आणि प्रत्येक हिशोबात शेवटी कुठल्यातरी यार्डात, कुठल्यातरी डब्यापाशी, कुणीतरी अनोळखी माणूस वाकलेला दिसत होता. त्याला मी मुद्दाम चेहरा देत नव्हतो.

तपासायला एक चष्मेवाल्या डॉक्टरीणबाई होत्या. उंची झाली, वजन झालं, कान झाले. मग त्यांनी ते पुस्तक उघडलं. बारा. आठ. सहा. एकोणतीस. मी पान उलटायच्या आधीच सांगायला लागलो होतो, म्हणून मुद्दाम जरा अडखळलो. बाई खूश होत्या. पुस्तकातून मान वर न काढता त्यांनी विचारलं, “घरी कोण आहे रेल्वेत?”

“वडील.”

“काय करतात?”

“शंटिंगला आहेत. डबे जोडतात.”

“अरे वा. मग मुलगा ड्रायव्हर झाल्यावर बरं वाटेल त्यांना. पुढचा?”

पुढचा पंचेचाळीस होता. मला स्वच्छ ठाऊक होतं. मी आकडा सांगायच्या ऐवजी पुस्तकावर हात ठेवला. बाईंनी चष्म्यावरून बघितलं. मी म्हटलं, “बाई, मला हे आकडे दिसत नाहीत. पाठ आहेत.”

“सगळे?”

“सगळे.”

“मागून पुढे म्हण बघू.”

मी म्हटले. खरंच म्हटले, शेवटच्या पानापासून पहिल्यापर्यंत, न अडखळता. बाईंना हसू आवरेना, आणि मग हसता हसता त्या गंभीर झाल्या. “दिसत नाही हे तुला कुणी सांगितलं?” मी म्हटलं, “बाबांनी.” त्यांनी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ कागदावर काहीतरी लिहीत राहिल्या. मी बाहेर आलो आणि दवाखान्याच्या आवारातल्या नळावर तोंड धुण्याच्या निमित्ताने भरपूर रडून घेतलं. खरं बोलल्यावर छाती हलकी होते म्हणतात. माझी काही हलकी झाली नाही. माझं एकुलतं एक प्रेम गेलं होतं आणि घर माझ्यामुळे जाणार होतं, एवढंच मला कळत होतं.

ते घर गेलंही. दोन वर्षांनी आम्ही नाहूरला एका खोलीत राहायला गेलो, पुढे मी मुलुंडच्या एका शाळेत गणित शिकवायला लागलो, आकडे तेवढे माझ्याकडे राहिले होते. नाहूरच्या घरात भांडी कधी वाजली नाहीत आणि आईला पहिलं वर्षभर त्यामुळे झोप लागायची नाही. पण हे नंतरचं. त्या दुपारी मी घरी गेलोच नाही, तडक यार्डात गेलो.

छोटं इंजिन तेलाच्या टाक्या घ्यायला निघण्याच्या बेतात होतं. राणेकाकांनी खिडकीतून डोकं काढलं. “काय रे सुध्या, झालं ना झकास?” मी म्हटलं, “नापास.” ते म्हणाले, “च्यायला! पुस्तक पाठ होतं ना तुझं?” बाबा चार पावलांवर उभे होते. त्यांनी ऐकलं. ते जवळ आले, इंजिनाची धडधड चालू होती म्हणून अगदी कानाशी तोंड आणून त्यांनी विचारलं, “खरां सांगितलंस?” मी मान हलवली. त्यांचे डोळे भरले, आणि ते लपवायला ते वळलेसुद्धा नाहीत. माझ्या मानेवर त्यांनी तो जाड, ग्रीसने माखलेला हात ठेवला आणि वर बघून राणेकाकांना ओरडून सांगितलं, “नापास केला! मीच केला!” राणेकाका काहीतरी पुटपुटले, बहुतेक “येडे बाप-लेक,” आणि त्यांनी हॉर्न दिला. काम थांबत नाही.

बाबा टाक्यांच्या पहिल्या डब्यापाशी गेले. मी रुळांच्या बाहेर उभा राहिलो. इंजिन मागे मागे यायला लागलं, अगदी हळू, आणि बाबा बफराच्या बाजूला उभे राहून एक हात डब्यावर ठेवून त्याच्याकडे बघत होते. राणेकाका खिडकीतून अर्धे बाहेर वाकलेले. दोन हात अंतर राहिलं, एक हात राहिलं, आणि बाबांनी दुसरा हात वर केला आणि नुसता धरला. त्यात कोणता झेंडा होता, मला सांगता येणार नाही. इंजिन थांबलं, म्हणजे लाल असणार.